एवढ्या नोकऱ्या दिल्या, तरी नावं का ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कॉलेजात बोलायला गेले की पालकांकडून, हा प्रश्न मला सतत येतो: “आयटी कंपन्यांनी एवढ्या पोरांना नोकऱ्या दिल्या, पुणं वर आणलं, तुमचं स्वतःचं घर त्याच पगारावर चाललं. मग तुम्ही त्यांना नावं का ठेवता?”

माझं काम पेरोलचं. नोकरीची बहुतेक वर्षं हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची पगारपत्रकं करण्यात गेली; आता तेच काम बाहेरून लहान कंपन्यांसाठी करते. प्रोग्रॅमिंग मला येत नाही. पण कुणाला किती मिळतं, कशाच्या नावाखाली मिळतं, आणि माणूस सोडून जातो तेव्हा कारणाच्या रकान्यात काय भरलं जातं, हे सगळं माझ्या पडद्यावर असतं. कंपनीत एवढं एकत्र फार थोड्यांना दिसतं.

भलं झालं, यात मला शंका नाही. लातूर, परभणी, सांगलीकडची मुलंमुली रुजू होतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारतात, मेडिक्लेममध्ये आईवडिलांची नावं घालता येतील का. त्यातल्या कितीतरी घरांत आजारपण म्हणजे सावकार किंवा दागिना, असं ठरलेलं होतं. ते या नोकरीनं थांबलं. रात्री अकराला ऑफिसच्या कॅबनं घरी जाणारी मुलगी आणि तिच्या गावात तिच्याबद्दल बदललेला सूर, हेही मी पाहिलंय. इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच सुरू झाली, आणि पुढं नव्वदच्या दशकात त्या कंपनीनं कर्मचाऱ्यांना शेअर दिले, त्यातून साध्या पदांवरच्या लोकांचंही आयुष्य पालटलं. हे सगळं घडलेलं आहे आणि त्याचं मला मोल आहे.

माझं म्हणणं पुढचं आहे. कंपनी धंद्यासाठी नोकरी देते, ते तिचं काम. त्या धंद्यातून आलेल्या पैशाची वाटणी मात्र ती फारशी आपणहून करत नाही. ती कायदा आणि संघटना मिळून करून घेतात, आणि महाराष्ट्रानं ती पूर्वी करून घेतलेली आहे. आपण ते विसरलो, म्हणून मी बोलते.

फ्रेशरच्या पगारापासून बघा. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत नव्या इंजिनिअरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे. आज त्याच प्रकारच्या कामाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. मधल्या काळात वाकडमधल्या वन-बीएचकेचं भाडं, मेसचं बिल, कॉलेजची फी कुठं गेली, ते तुम्हाला माहीत आहे. २०२४ साली कॉग्निझंट या आयटी कंपनीची पदवीधरांसाठीची २.५२ लाखांची जाहिरात गाजली. कंपनीनं खुलासा केला की ती तीन वर्षांच्या बिगर-इंजिनिअरिंग पदवीसाठी आहे, इंजिनिअरला चार लाखांपासून पुढं देतो. तरी वर्षाला अडीच लाख म्हणजे महिन्याला एकवीस हजार, तेही कापाकापीच्या आधी. दुसऱ्या टोकाला इन्फोसिसच्या मुख्याधिकाऱ्यांची २०२४-२५ ची एकूण मिळकत ८०.६२ कोटी रुपये होती. त्यातला मोठा भाग शेअरचा आहे, हे मान्य. पण ३.६ लाखांवर रुजू होणाऱ्या मुलाच्या ती सव्वादोन हजार पटींच्या आसपास जाते. हे आकडे आपल्याला कळतात ते २०१३ च्या कंपनी कायद्यामुळं: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालकांचा पगार कर्मचाऱ्यांच्या मधल्या पगाराच्या (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त, असा पगार) किती पट आहे, ते दरवर्षी छापावं लागतं. वार्षिक अहवालात शेवटाकडं कुठंतरी तो तक्ता असतो. पालकांनी तो एकदा तरी उघडून बघावा.

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथं दर तीन-चार वर्षांनी वेतन करार व्हायचा. युनियन आणि मॅनेजमेंट महिनोन्महिने बसायचे, भांडायचे, आणि करार झाला की गेटवर पेढे वाटले जायचे. करार कितीचा झाला हे पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक चाळीला दुसऱ्या दिवशी ठाऊक असायचं. वर्तमानपत्रात छापून यायचं. मी ज्या जगात काम केलं, तिथं शेजारच्या टेबलावरच्याचा पगार विचारणं शिस्तभंगात मोडतं. हाइकचं, म्हणजे पगारवाढीचं पत्र एकेकाला वेगळं, गोपनीय असा शिक्का मारून. माझ्या पडद्यावर एकाच टीममधली, एकाच अनुभवाची दोन माणसं असायची आणि त्यांच्या पगारात दीडपट फरक असायचा. बहुतेक वेळा कमी पगार मुलीचा, किंवा ज्याला मागायचं कसं हे घरात कुणी शिकवलं नाही त्याचा. मला ते दिसत होतं आणि बोलण्याची मुभा नव्हती. विषमतेबद्दलची माझी मतं तिथं तयार झाली.

आता राजीनाम्याचं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा निदान ते जाहीर तरी झालं. कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत, असं मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं ते प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडं नेलं. पण मी जे अनेक वर्षं पाहिलं ते जाहीर होत नाही. एका खोलीत बोलावतात, एचआरची दोन माणसं असतात, आणि सांगतात: आत्ता राजीनामा दिलात तर रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, स्वच्छ मिळेल; नाही दिलात तर टर्मिनेशन, काढून टाकल्याची नोंद. मुलगा सही करतो. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं ‘फुल अँड फायनल’साठी, म्हणजे शेवटच्या हिशोबासाठी, नाव येतं आणि कारणाच्या रकान्यात असतं, ‘वैयक्तिक’. कामगार कपात म्हणून नोंद झाली असती तर कायद्यानं प्रत्येक पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनाम्याला ती नाही. सरकारच्या आकड्यांतही मग कुणालाच काढलेलं नसतं.

सॉफ्टवेअर इंजिनिअर कायद्यानं कामगार ठरतो का, हा वाद कोर्टाकोर्टांत रेंगाळतो, आणि तोवर पोरांनाही वाटत असतं की आपण कामगार थोडेच आहोत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कारखान्यांना कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा त्यात शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. चांगलंही काही आहे: नेमणूकपत्र सगळ्यांना सक्तीचं झालं. त्याचा उपयोग किती होतो ते पुढं दिसेल.

पण खरं सांगू का, मला सर्वांत जास्त जो अन्याय वाटतो तो इंजिनिअरांच्या वाट्याचा नाहीच. तो हाउसकीपिंगच्या बायकांचा आहे.

माण, मारुंजी, हिंजवडीच्या जमिनी एमआयडीसीनं घेतल्या आणि आयटी पार्क उभं राहिलं. त्याच गावांच्या आसपास खोली करून राहणाऱ्या बायका सकाळी सहाला येऊन मजले पुसतात. त्या कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात, कॉन्ट्रॅक्टरच्या असतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणारी रक्कम, हवी तर सलग पाच वर्षं एका मालकाकडं काम लागतं. कॉन्ट्रॅक्ट दोन-तीन वर्षांनी बदलतं. बाई तीच, मजला तोच, बादली तीच, युनिफॉर्मचा रंग नवा. कागदावर तिची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. जिथं मी होते तिथं एक मावशी इमारत बांधून झाली तेव्हापासून काम करत होत्या. गुडघे गेले म्हणून त्यांनी सोडलं तेव्हा त्यांच्या हाती ग्रॅच्युइटीचा एक रुपया आला नाही. मी हिशोब तपासला, मोडलेला नियम एकही सापडला नाही. पीएफसुद्धा तीन वेगवेगळ्या खात्यांत पडलेला, एकाचं केवायसी झालेलं नाही, आधारवर नाव वेगळं. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे, पण तशी नेमणूक कुणी द्यावी लागते ना. कंपनीनं कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक कलम घातलं, की माणसं कायम राहिली तर सेवाही सलग धरायची आणि त्याचा खर्च आम्ही देऊ, तरी हे सुटतं. खर्च इतका किरकोळ आहे की वार्षिक ताळेबंदात दिसणारही नाही. मी हे सुचवलं होतं. फाइल पुढं सरकली नाही.

आणि जेवण, किराणा आणून देणारे रायडर. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ साली नेहमीच्या नोकरीबाहेर, कामागणिक पैसे मिळवणारे ७७ लाख गिग कामगार धरले होते आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला होता. ॲपच्या कंपन्या रायडरांना भागीदार म्हणतात. मालक नाही, म्हणून पीएफ नाही, रजा नाही. आयडी ब्लॉक झाला तर दाद मागायला माणूस नाही, चॅट आहे. यावर लोक मला सांगतात, “अहो, हे नव्या प्रकारचं काम आहे, जुने कायदे इथं कसे चालणार?” इथं मला माथाडींचे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांची आठवण काढावीच लागते.

मुंबईच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. दिवसाची मजुरी मिळेल तशी. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. सरकार, मालक आणि कामगार तिघांचं मंडळ. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळाकडं भरायची. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना बघणार. मालक कितीही बदलले तरी हमालाचं खातं एकच राहिलं. ज्या कामाला मालक नाही त्या कामाला हक्क कसे जोडायचे, याचं उत्तर या राज्यानं पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी दिलेलं आहे. माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्या चाकण-तळेगावकडं झाल्या, हे मला माहीत आहे आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. त्यासाठी मूळ रचना वाईट ठरत नाही. उलट ॲपवर ती जास्त सोपी आहे. बाजारात कुणी किती पोती वाहिली यावर भांडण व्हायचं. इथं प्रत्येक ऑर्डरची वेळ, अंतर आणि रक्कम कंपनीकडं नोंदलेली असते. त्यातून लेव्ही कापून रायडरच्या खात्यात टाकणं हे माझ्यासारख्या पेरोलवाल्या बाईचं एका दुपारचं काम आहे.

केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायची तरतूद आहे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची वरची मर्यादा घालून. राजस्थाननं २०२३ साली आणि कर्नाटकनं २०२५ साली स्वतःचे कायदे केले. माथाडी मंडळं जन्माला घालणाऱ्या राज्यानं यात सर्वांच्या पुढं असायला हवं होतं, असं मला कळकळीनं वाटतं.

तुमच्या मुलाची सॅलरी स्लिप घरी असेल तर कपातीच्या बाजूला बघा: पी.टी., म्हणजे व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर आला. शहरातल्या पगारदारानं गावातल्या बिनकामाच्या माणसाच्या मजुरीसाठी दरमहा काही द्यायचं, असा तो करार होता. पुढं २००५ साली देशभर झालेल्या रोजगार हमी कायद्याची मुळं इथं आहेत. आज मात्र गेटवरचा चौदा हजार मिळवणारा रखवालदार आणि कोट्यवधी मिळवणारा संचालक सारखेच अडीच हजार भरतात, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात तेवढीच कमाल मर्यादा आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. ती बदलायला घटनादुरुस्ती लागेल. एखाद्या खासदारानं हा विषय लावून धरावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

“असं केलं तर कंपन्या हैदराबादला जातील,” हे मला दर वेळी ऐकवलं जातं. कंपन्या पुण्यात आल्या त्या इथल्या कॉलेजांतून निघणाऱ्या मुलांसाठी. त्या वैतागतात ते हिंजवडीच्या चौकात तास-दीड तास अडकून, टँकरच्या पाण्यानं आणि पावसात रस्त्यांचे ओढे होतात त्यानं. मावशींच्या ग्रॅच्युइटीमुळं कंपनी हलल्याचं मी कधी पाहिलं नाही.

मग मुलाला आयटीत पाठवायचं का, असं तुम्ही शेवटी विचारताच. पाठवा, निर्धास्त पाठवा. ऑफर लेटर आलं की सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या, मोठ्या आकड्याकडं बघू नका. त्यातलं व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, किती, ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफ त्यातच धरलाय का, आणि मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा बाँड असेल तर किती रकमेचा, एवढं वाचून घ्या. दर महिन्याची स्लिप स्वतःच्या मेलवर उतरवून ठेवायला सांगा, कारण काढल्यावर लॅपटॉप त्याच मिनिटाला बंद होतो. बरोबरीच्यांशी पगाराबद्दल मोकळेपणी बोलायला शिकवा. आणि कधी खोलीत बोलावून राजीनामा लिही म्हणाले, तर त्या दिवशी सही करायची नाही. “मला हे लेखी मेलवर पाठवा, मी घरी विचारून सांगतो,” एवढंच म्हणायचं, उठायचं आणि मला फोन करायचा.