'कारण' या शब्दावर अडले

इंग्लंडच्या धर्मेतिहासावरच्या एका पुस्तकाचं भाषांतर करत होते. दोनशे पानं हातावेगळी झाली होती आणि सगळीकडे 'क्वेकर' हे ख्रिस्ती पंथाचं नाव तसंच ठेवलं होतं. विशेषनाम ते, त्याचं भाषांतर कशाला?

मग या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याच्या आत्मकथनातली ती ओळ आली. १६५० साली डर्बीच्या न्यायाधीश बेनेटने आम्हाला पहिल्यांदा क्वेकर म्हटलं, कारण आम्ही त्यांना देवाच्या वचनापुढे थरथर कापायला सांगितलं होतं.

लिहिली, आणि 'कारण'वर अडले. इंग्रजी वाचकाला 'क्वेक' म्हणजे थरथर कापणं हे ऐकताक्षणी कळतं. मराठी वाचकाच्या हाती नुसतं नाव उरतं, टोमणा गळून पडतो. आणि टोमणा तर जिव्हारी लागणारा होता. ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली फॉक्स कैदेत पडला होता. शब्दही बेनेटच्या टाकसाळीतला नव्हे. १६४७च्या एका बातमीपत्रात लंडनजवळच्या सदर्कमधल्या, अंगाला कंप सुटणाऱ्या काही बायकांना हेच नाव दिलेलं आहे.

दुपारभर कागदावर शब्द लिहिले आणि खोडले. 'कापरे' हे आडनाव वाटलं. 'लटपटे' लिहिलं तर माणसं भित्री झाली. 'कंपायमान' बायबलात शोभतं. यशयाच्या ६६व्या अध्यायात देवाचं वचन ऐकून कापणाऱ्या दीनावरच देवाची नजर आहे. पण शिवी म्हणून ते कोण फेकेल?

शेवटी संपादकांना फोन केला.

"सर, एक शब्द अडलाय."

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो, वारकऱ्यांना हिणवताना 'टाळकुटे' म्हणतात ना, त्या जातीचा शब्द हवा तुम्हाला."

टाळ कुटतात ते टाळकुटे. थरथरतात ते थरथरे! फोन कानालाच होता, तसंच लिहून टाकलं. आपल्याकडे अष्टसात्त्विक भावांत कंप आहेच. भक्ताचं अंग थरथरलं की आपण हात जोडतो. डर्बीच्या कोर्टात त्याच थरथरण्याची शिवी झाली.

'थरथरे' त्या एका ओळीपुरतंच ठेवलं, पुढे पुन्हा 'क्वेकर'. ही मंडळी एकमेकांना 'मित्र' म्हणत, आजही संस्थेचं नाव मित्रांचंच आहे. पण १६६०मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सला शस्त्र न उचलण्याची ग्वाही दिली, तेव्हा मथळ्यात त्यांनी स्वतःच लिहिलं: क्वेकर म्हटले जाणारे, देवाचे निरुपद्रवी लोक. ते पान त्याच रात्री पुन्हा काढलं आणि 'म्हटले जाणारे' हे दोन शब्द, जे मी आधी फापटपसारा म्हणून गाळले होते, परत घातले.