आईच्या पायाला फोड आला आणि तिला कळलंच नाही

मागच्या मे महिन्यात आई पर्वतीवर गेली होती, १०३ पायऱ्या चढून, दर गुरुवारी जाते तशीच. वर चपला काढून प्रदक्षिणा घातली, साडेअकराचं ऊन, फरशी तापलेली. घरी येऊन कुकर लावला, सगळं नेहमीसारखं. रात्री मी तिचे पाय चेपायला बसले तर उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड. अगं हे काय, दुखत नाही का? तर म्हणे कुठं काय, मला तर काहीच होत नाहीये.

आईला शुगर आहे हे आम्हाला चार वर्षांपासून माहितीये. गणपतीत मंडळाने कॅम्प लावला होता, बोटाला टोचून बघितली तर २१०, मग उपाशीपोटी केली तर १५८. गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी परत बघितली तर नॉर्मल, आणि तिथेच घोळ झाला कारण आईने गोळीच बंद केली. बरी झाले ना, मग कशाला खायची. अगं गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आली, हे तिला तेव्हा कोणी बसून सांगितलं नाही, मीही नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

लोक म्हणतात दवाखाना जवळ असून ही माणसं जात का नाहीत. जवळच आहे हो, चालत सात मिनिटं. पण आई सहकारनगरला तीन घरी पोळ्या करते, पहिलं काम सातला, दुसरं साडेनऊला, आणि ओपीडी नेमकी सकाळची. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग खाऊन दोन तास थांबून परत द्यायचं, म्हणजे त्या दिवशीची तिन्ही कामं गेली. एकदा ती खाडा करून गेली तर शुगरच्या पट्ट्याच संपलेल्या, परवा या म्हणाले. परवा परत खाडा कसा करणार ती? तपासणी फुकट आहे पण दिवस फुकट नाही ना.

फोड आला त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या आशाताई घरी आल्या. तिशीच्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात त्या, तंबाखू-मिश्री आहे का, घरात कोणाला शुगर-बीपी, हालचाल किती, आणि कंबरेला टेप लावतात. मार्क चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवतात. आई म्हणाली मी तर काडी आहे, मला कशाला टेप. ८६ सेंटीमीटर आली कंबर, बायकांची ८० च्या आत पाहिजे. मला आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो आठवला, ते आणि एक ब्रिटिश डॉक्टर शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३, पण अंगातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२. आपल्याकडे बारीक माणूस बघून निर्धास्त राहायचं नाही ते ह्यामुळे.

तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी ती एचबीएवनसी, त्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही हेही आशाताईंनीच सांगितलं. मग आई तिन्ही कामं उरकून दुपारी गेली, मी बरोबर होते. आली ९.२, म्हणजे बरीच जास्त.

शुगर वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाऊ शकते, म्हणून तिथल्या डॉक्टर मॅडमनी पाय तपासले. डोळे मिटायला लावले, हातात एक बारीक नायलॉनचा धागा, तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, कळलं की हो म्हणायचं. डाव्या पायाला हो, हो, हो. उजव्या अंगठ्याला धागा टेकला, वाकला, उचलला, आई गप्प. परत टेकवला, परत वाकला. आई डोळे मिटूनच विचारते, सुरू करताय ना?

माझ्या पोटात गोळा आला.

फोड भरायला पाच आठवडे लागले. आता गोळी रोज चालू आहे, देवळात मोजे घालून जाते, आणि रात्री आरशात तळवे बघते. आशाताई पंधरा दिवसांनी डोकावतात आणि पहिला प्रश्न गोळीचाच विचारतात, संपली का, बंद तर नाही केली. ह्या एका प्रश्नाने जे झालं ते चार वर्षांत एकाही कॅम्पने झालं नव्हतं. २०२३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, पाहणीत देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं आलंय, एवढ्या सगळ्यांना मोठ्या हॉस्पिटलात कोण बघणार, हे काम गल्लीतच व्हायला पाहिजे आणि त्यासाठी दवाखान्यात पट्ट्या पाहिजेत, आठवड्यातून एक तरी संध्याकाळ ओपीडी पाहिजे, आणि आशाताईंना वेळच्या वेळी मानधन पाहिजे, कळकळीने सांगते.

आमच्या चाळीतल्या दोघींनी आईचं बघून नावं दिली. समोरच्या काकू अजून तयार नाहीत, त्यांचीही गोळी मागच्या दिवाळीपासून बंद आहे. आई म्हणाली, रविवारी काम नाही, चहाला जाते त्यांच्याकडे आणि पाय दाखवते माझा.