छियालेखच्या पुढे जाण्यासाठी लागलेला एक दाखला : माझा अनुभव

उत्तराखंडच्या पिथौरागड जिल्ह्यात काली नदीच्या काठाने बुदी, गर्ब्यांग, गुंजी आणि पुढे कुटी या गावांकडे जाणारी वाट चालून येऊन मला आता दोन महिने झाले, तरी त्या प्रवासाचा विषय निघाला की मला आधी आठवते ते आमच्या शहरातले एक पोलीस ठाणे आणि तिथे एका दाखल्यासाठी घातलेले सात हेलपाटे. नदी, जंगल आणि हिमशिखरे त्यानंतर आठवतात. हा राग अजून पुरता उतरलेला नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

काली नदीच्या एका तीरावर भारत आणि दुसऱ्या तीरावर नेपाळ आहे. १८१६ च्या सुगौली तहापासून ही नदी सीमारेषा मानली जाते, आणि खोऱ्याच्या वरच्या टोकाला लिपुलेख खिंडीपलीकडे तिबेट सुरू होतो. त्यामुळे बुदीच्या वर असलेल्या छियालेखच्या पुढे जायचे तर भारतीय नागरिकांनाही ‘इनर लाइन परमिट’, म्हणजे सीमाभागात जाण्याचे परवानापत्र, लागते, आणि ते धारचुलाच्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे आपल्याकडे ज्यांना प्रांत म्हणतात त्या अधिकाऱ्यांकडून मिळते. आम्हाला मिळालेल्या कागदपत्रांच्या यादीत आधार कार्ड, छायाचित्रे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ‘पुलिस सत्यापन’ एवढ्या गोष्टी होत्या. पहिल्या चार एका शनिवारी सकाळी आटोपल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, जिने चढताना दम लागतो का असे विचारले आणि सही केली.

उरलेल्या पाचव्या कागदाने मात्र एकोणीस दिवस घेतले.

यादीतला ‘सत्यापन’ हा शब्द मी ठाण्यात जाऊन ‘व्हेरिफिकेशन’ असा सांगितला, ही माझी पहिली चूक. आपल्याकडे पोलीस ठाण्यात नुसते व्हेरिफिकेशन म्हटले की समोरच्याला भाडेकरूच आठवतो. मला भाडेकरूंच्या नोंदीच्या टेबलाकडे पाठवण्यात आले, आणि तिथे अर्धा तास रांगेत उभी राहिल्यावर “घरमालक कुठे आहेत?” असा प्रश्न आला. घर माझेच आहे, असे मी सांगितले. “मग पडताळणी कुणाची करायची?” असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून पहिला सल्ला हा, की ठाण्यात गेल्यावर ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ हे पूर्ण नाव उच्चारावे आणि थेट गोपनीय शाखेचे टेबल विचारावे.

ऑनलाइन अर्ज त्याच रात्री भरला. त्यात प्रमाणपत्र कशासाठी हवे याचे कारण द्यावे लागते. नोकरीचे कारण बहुतेक सर्वांचे असते, माझे नव्हते, म्हणून मी ‘इतर’ निवडले आणि गोपनीय शाखेसमोर जाऊन बसले. तिथल्या हवालदारांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, “मॅडम, कंपनीचे पत्र?”

कोणत्या कंपनीचे, हे मला कळेना. ज्यांना प्रमाणपत्र हवे आहे त्यांचे पत्र, असा खुलासा झाला. मी म्हटले, ज्यांना हवे आहे ते पिथौरागड जिल्ह्याचे प्रशासन आहे, आणि हा कागद जोडून अर्ज केल्याशिवाय ते माझ्याशी पत्रव्यवहार करणार नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “मग आम्ही कुणाला उद्देशून द्यायचे?” ही खेप धरून पुढच्या दहा दिवसांत मी चार वेळा, दर खेपेला शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, हाच संवाद थोड्याफार फरकाने केला. एकदा साहेब बंदोबस्ताला होते, एकदा साहेब होते पण संगणक बंद होता. एकदा दोघेही जागेवर होते, तेव्हा मी शाळेचे पत्र आणावे अशी सूचना झाली. मुख्याध्यापिकांनी ते दिलेही, पण त्यात ‘नोकरीसाठी’ असा शब्द नसल्याने ते चालले नाही. शाळेत नोकरी मी बावीस वर्षे करते आहे, ती नव्याने लागावी म्हणून पत्र कसे मिळवायचे, हे मी विचारले नाही.

याच काळात, माझ्यासोबत येणार असलेल्या दादा आणि वहिनीला त्यांच्या शहरात हेच प्रमाणपत्र चार दिवसांत, कोणतेही पत्र न मागता मिळाले. दादाने फोनवर “तू नीट सांगितले नसशील” असे म्हटले, आणि त्या एका वाक्याबद्दल मी त्याला कुटीपर्यंत माफ केले नव्हते.

सहाव्या खेपेला गोपनीय शाखेचे टेबल रिकामे होते, म्हणून मी ठाणे अंमलदारांसमोर उभी राहिले. त्या दिवशी तिथे एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी माझे बोलणे मध्ये न तोडता ऐकले आणि मला दोन गोष्टी करायला सांगितल्या. कागदपत्रांच्या यादीचा छापील कागद आणून त्यातली पोलीस पडताळणीची ओळ अधोरेखित करायची, आणि कोऱ्या कागदावर हाताने अर्ज लिहायचा, की हे प्रमाणपत्र मला कोणत्याही संस्थेसाठी नको असून सीमाभागातील प्रवासाच्या परवान्याकरिता वैयक्तिक वापरासाठी हवे आहे. तो अर्ज मी तिथल्याच लाकडी बाकावर बसून लिहिला. त्यांनी कोपऱ्यात तिरपी सही करून ‘गोपनीय’ एवढाच शब्द लिहिला, आवक नोंदवहीतला क्रमांक टाकला आणि जांभळा शिक्का मारला. सातव्या खेपेला त्याच हवालदारांनी तोच अर्ज हसतमुखाने पुढे पाठवला आणि “हे आधी आणले असते तर!” असेही म्हणाले. पाचव्या दिवशी प्रमाणपत्र डाऊनलोड झाले. आनंद झाला हे खरे, पण त्या बाईंची नेमणूक वेगळ्या दिवशी असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जाईना.

धारचुलापर्यंतचा प्रवास लांब आहे, पण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे दोन दिवस जीप, आणि पिथौरागडपासूनचे शेवटचे सुमारे ९० किलोमीटर वळणावळणाचे. परवाना तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. अडचण आली ती आमच्याच फोनमधल्या घड्याळाने. धारचुलात नदीच्या पलीकडे नेपाळचे दार्चुला गाव इतके जवळ आहे, की मोबाइल तिकडच्या मनोऱ्याला जोडला जातो आणि वेळ परस्पर पंधरा मिनिटे पुढे सरकते. परवान्याच्या बंद खिडकीसमोर आम्ही पाव तास चडफडत उभे होतो, आणि मी तर आता इथेही पत्र मागणार या भीतीने मनातल्या मनात अर्ज लिहायला लागले होते. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय तिथे बंद करावी. दोन गावांना जोडणारा झुलता पूल संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे पलीकडे फिरायला जाणाऱ्यांना तर हे फारच महत्त्वाचे आहे.

आता वरपर्यंत रस्ता झाला असला, तरी आम्ही बुदीहून छियालेखची जुनी पायवाट धरली. सुमारे सहाशे मीटरची ती खडी चढण संपली, की एकदम कुरण उघडते, आणि तिथेच परवाना तपासणारी चौकी आहे. जवानाने परवाना आणि आधार जुळवून पाहिले, वहीत नावे लिहिली आणि हात पुढे दाखवला. मी फाइलमधून ते प्रमाणपत्र अर्धे बाहेर काढून ठेवले होते, पण त्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. दादाने माझ्याकडे पाहिले आणि शहाणपणाने काही बोलला नाही.

गर्ब्यांगची जमीन खचत असल्याने तिथली काही जुनी घरे वाकडी झाली आहेत, पण त्यांच्या लाकडी चौकटींवरचे कोरीवकाम बोट फिरवून पाहावे इतके बारीक आहे. समोर नेपाळचे छांगरू गाव दिसते. तिथून गुंजीपर्यंत वाट सूचिपर्णी झाडांमधून कालीच्या कडेने जाते. नदीचा रंग राखेसारखा आहे आणि आवाज इतका, की मागच्या माणसाशी बोलायचे तर थांबावे लागते. गुंजीला कालीची साथ सोडून आम्ही कुटी यांक्ती नदीच्या खोऱ्यात शिरलो आणि नाबीवरून सुमारे १९ किलोमीटर चालून कुटीला पोहोचलो. दादाशी माझे बोलणे तिथे, चुलीजवळ चहा घेताना, पूर्ववत झाले.

झेरॉक्सबद्दल सांगायचे राहिले. प्रत्येक कागदाच्या सहा प्रती मैदानी भागातच काढून घ्याव्यात आणि रोख पैसेही धारचुलाच्या वर मिळतील या भरवशावर राहू नये. चारित्र्य पडताळणीचा अर्ज निघण्याच्या दोन महिने आधी करावा, आणि हाताने लिहिलेला खुलासा व यादीचा छापील कागद पहिल्याच खेपेला, कुणी मागण्याआधी, टेबलावर ठेवावा.

परवान्यावर तारखा असतात, म्हणून अर्ज करतानाच दोन दिवस जास्तीचे मागून घ्यावेत. आम्ही वहिनीच्या आग्रहामुळे ते मागितले होते. परतीच्या दिवशी गर्ब्यांगच्या वरच्या बाजूला दरड कोसळली आणि सामान घेऊन पुढे जाणारी आमची जीप गुंजीतच अडकली. ज्या घरात उतरलो होतो तिथेच आणखी एक रात्र काढली, परवान्याची तारीख वहिनीने पुन्हा एकदा सर्वांना वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास रस्ता मोकळा झाला.