री ओढणारा डबा

"किती वेळ तेच तेच वाजवतोयस?"

"अगं, मी एकदाच वाजवलं. बाकीचं हा डबा वाजवतोय."

रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि बायकोच्या कानावर एकच सूर आठ-नऊ वेळा आदळून झाला होता, त्यामुळे तिचा माझ्यावर विश्वास बसणं कठीणच होतं. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. दार आपटल्याचा आवाज मात्र एकदाच आला.

डबा म्हणजे डिले पेडल. इलेक्ट्रिक गिटारची वायर ॲम्पकडे जाताना वाटेत अडकवायचा आणि पायाने दाबायचा. माझा पांढरा आहे, बॉस कंपनीचा डीडी-३, आधी कुणीतरी वापरून कडेचा रंग उडवलेला. त्यावर चार नॉब. चौथा नुसता पल्ला ठरवतो, खरा खेळ तिघांचा. मी वाजवलेला सूर किती वेळाने परत आणायचा, किती वेळा आणायचा आणि किती मोठ्याने. टाइम, फीडबॅक, लेव्हल. तीनच प्रश्न, पण त्यांची उत्तरं शोधण्यात माझ्या किती रविवार सकाळी गेल्या ते घरच्यांना विचारा.

पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी तिचं शेपूट उचलून धरतात. शाहिराला तेवढ्यात श्वास घ्यायला उसंत मिळते. डिलेचं काम हेच. गिटारवाला सूर टाकतो, डबा झील धरतो. 'री ओढणे' हा वाक्प्रचार आपण कुजकटपणे वापरतो, साहेबांच्या मागे मान डोलवणाऱ्या माणसासाठी. पण डिलेशिवाय सोलो वाजवून बघा, री ओढणारं कुणी नसणं काय असतं ते कळतं. प्रत्येक सूर जिथल्या तिथे मरतो. एका तारेवरून दुसरीवर जाताना बोटाची जी खरखर होते ती पार शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाते.

आता पहिला प्रश्न, किती वेळाने. शाळेत ध्वनीच्या धड्यात एक आकडा पाठ केला होता: १७.२ मीटर. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान इतकी लांब हवी. २२ अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो, आणि जाऊन यायला एक दशांश सेकंद तरी लागायला हवा, म्हणून. तेव्हा हा आकडा दोन मार्कांचा होता. पुढे पंचवीस वर्षांनी टाइमचा नॉब फिरवताना अचानक उमगलं की मी मिलीसेकंद फिरवतच नाहीये, भिंत सरकवतोय. १२० मिलीसेकंद म्हणजे वीस-साडेवीस मीटरवरची भिंत, मोठ्या वाड्याचा चौक ओलांडून समोरच्या सोप्याची. ५०० मिलीसेकंद म्हणजे ८६ मीटर, मधे दरी आणि पलीकडे कडा. माथेरानच्या इको पॉइंटवर उभं राहून आपण आपलंच नाव ओरडतो ना, त्या जातीचा. आणि तीस-चाळीसच्या खाली आलात की भिंत नाकाशी येते. कान दोन आवाज वेगळे ऐकायचंच सोडून देतो, सूर नुसता जाड होतो. न्हाणीघरात गाणाऱ्या सगळ्यांना हा शोध विनाखर्च लागलेला आहे.

गंमत म्हणजे हा प्रकार सुरू झाला तेव्हाही सगळा अंतराचाच मामला होता. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचे मालक सॅम फिलिप्स दोन टेप मशिनं वापरायचे. एका मशिनच्या, आवाज उमटवणाऱ्या रेकॉर्ड हेडवरून निघालेली टेप तो वाचणाऱ्या प्लेबॅक हेडपर्यंत पोचायला जो क्षण लागतो, तेवढा उशीर. तो उशिराचा आवाज मूळ आवाजात मिसळायचा. १९५४ पासून एल्विस प्रेस्लीने तिथे जी गाणी केली त्यांतला तो टणत्कार, स्लॅपबॅक म्हणतात तो, टेपच्या त्या दोन-चार बोटांच्या प्रवासातून आलेला आहे. मग इकोप्लेक्स नावाचं टेपवरच चालणारं डिलेचं यंत्र आलं, त्यात हेडच सरकवायची सोय होती. इटलीच्या बिन्सन कंपनीने टेप काढून टाकून चुंबकीय चकती फिरवली. पिंक फ्लॉइड बँडच्या गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरचा लांबच लांब पसरणारा आवाज घडला त्यात या यंत्राचा मोठा हात.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्यापुढचा टप्पा. १९६९ मध्ये फिलिप्स या डच कंपनीच्या (सॅमशी संबंध नाही) प्रयोगशाळेत दोघांनी एक सर्किट शोधलं, नाव ठेवलं बकेट ब्रिगेड. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसं. आपल्याकडे हे बघायला आग लागायची गरज नाही, कुठल्याही स्लॅबच्या दिवशी जा. खालून वरपर्यंत माणसांची रांग, आणि हातोहात चढत जाणारी घमेली. सर्किटमध्ये माणसांच्या जागी बारीक बारीक कपॅसिटर, आणि घमेल्यात माल म्हणून तुमच्या सुराचा एक कण. मोठ्या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे असायचे. रांग जितकी सावकाश चालेल तितका उशीर जास्त. आणि घमेलं वर पोचेपर्यंत थोडं सांडणारच! सुराची धार, त्यातला चकचकीतपणा वाटेत गळतो. परत येतो तो आवाज जरा घोगरा, जरा मळका असतो.

ही खोट नव्हे, हा गुणच आहे असं माझं ठाम मत आहे. माझा डबा डिजिटल. तो सूर जसाच्या तसा, इस्त्री करून परत आणतो. सोलोत तेच नडतं. मी पुढच्या सुरावर गेलेला असतो आणि मागचा, तितकाच लख्ख, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, मी पण आहे. झीलकऱ्याचा आवाज शाहिरापेक्षा किंचित बसलेलाच बरा. म्हणून स्टेजवर मी लेव्हल बरीच खाली ठेवतो आणि त्या घमेल्यांच्या जातीच्या ॲनालॉग पेडलसाठी पैसे साठवतो. हे दुसरं गेली चार वर्षं चालू आहे.

(डबा ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे सूर करकरीत करणाऱ्या दुसऱ्या डब्याच्या, आधी लावायचा की नंतर, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी एकदा आधी लावून पाहिला. सगळ्या आवृत्त्यांवर मिळून एकच फोडणी बसली, आणि कुठला सूर मूळचा नि कुठला परतीचा ते मलाच कळेना. नंतर लावा. विषय संपला.)

आता डबा गाण्याच्या तालाशी जुळवायचा हिशेब. पाऊण मात्रा. यू-टू बँडच्या गिटारवाल्या एजने एका अख्ख्या पिढीला या हिशेबाचं वेड लावलं. मिनिटाचे मिलीसेकंद ६०,०००, त्यांना गाण्याच्या टेंपोने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी, भागायचं. टेंपो १२० असेल तर एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची. डिले ठेवायचा तिच्या पाऊणपट, ३७५. मग तुम्ही अर्ध्या अर्ध्या मात्रेवर साधे ठोके दिलेत, की परतीचे सूर बरोबर त्यांच्या मधल्या पोकळीत येऊन बसतात. तुम्ही वाजवता चार, लोकांना ऐकू येतात आठ. तबलजीला पाऊण, सव्वा, दीड हे सांगावं लागत नाही, पण आम्हा गिटारवाल्यांना वाटतं हे आपल्यालाच सुचलं.

सोसायटीच्या गणपतीत आमचा बँड वाजवणार होता. गाणं १२० चं. माझ्या डब्याला ताल टॅप करून द्यायची सोय नाही, आणि नॉबवर मिलीसेकंद लिहिलेले नाहीत. मी मोबाइलवर मेट्रोनोम लावून, कान डब्याशी नेऊन, केसभर इकडे केसभर तिकडे करत ३७५ पकडले. नॉब हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. घरून निघताना बायको म्हणाली, "डब्याला आणि तुला, दोघांनाही दृष्ट लागू नये म्हणून लावलीय का?"

आमचा ड्रमर एरवी हिशेबतपासनीस आहे, अत्यंत नेमका माणूस. पण समोर दीडशे लोक, पहिल्या रांगेत त्याचे सासरे. त्याने गाणं १३२ ला उचललं. सोलो येईपर्यंत मला नुसतं वाटत होतं की आज जरा जोश आहे. सोलो सुरू झाला आणि डब्याने चिकटपट्टीखालून इमानेइतबारे ३७५ मिलीसेकंदांनी झील धरली. त्या वेगाला हवे होते ३४१. पहिली आवृत्ती ३४ मिलीसेकंद उशिरा, दुसरी ६८, तिसरी १०२. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. स्टेजवर असं वाटतं की शाहीर सिंहगडावर पोचला आणि झीलकरी अजून खडकवासल्याला बस शोधतायत. मी डब्याशी जुळवून घेतलं तर ड्रमर सुटतो, ड्रमरबरोबर राहिलो तर डबा. चार मात्रा मी दोन्ही दगडांवर पाय ठेवून पाहिला, मग एक पाय उचलून डबा बंद केला.

उरलेला सोलो कोरडा वाजवला. म्हणजे मला वाटलं, कोरडा. खरखर ऐकू जाणार, सूर मरणार, सगळी नामुष्की गृहीत धरून वाजवला. पण खाली उतरल्यावर कीबोर्डवाली म्हणाली, "शेवटी काय सेटिंग केलंस? छान मोकळं वाटलं." मी सांगणार होतो की काहीच केलं नाही. सांगितलं नाही.

घरी मी लेव्हल इतकी वर का ठेवतो, हे मला त्या रात्री थोडंसं कळलं. घरी मी एकटा असतो. बास नाही, ड्रम नाही, गाणारं कुणी नाही, दार लावलेलं. तेव्हा डब्यातून कुणीतरी परत बोलावं असं वाटणारच. स्टेजवर चार जण आहेत, समोर खुर्च्या सरकतायत, एक पोर प्रसादाचा द्रोण हरवला म्हणून रडतंय. तिथे री ओढायला आणखी एकाची गरज असेलच असं नाही.

दहाला स्पीकर बंद झाले. वायरी गुंडाळायला मी एकटाच थांबलो होतो, कारण गुंडाळलेल्या वायरींबद्दलही माझी ठाम मतं आहेत. पार्किंग रिकामं झालेलं. हातातली केस खाली ठेवताना तिची कडी वाजली, टण्. आणि समोरून, अगदी हलकं, टण्.

मी परत कडी वाजवली. परत आलं. मग टाळी. आली. स्टेज ए विंगच्या भिंतीला लागून, समोर मोकळी जागा, पलीकडे बी विंगची सात मजली सपाट भिंत. मी स्टेजपासून बी विंगपर्यंत चालत गेलो आणि पावलं मोजली. पन्नास. माझं पाऊल साधारण सत्तर सेंटिमीटरचं, म्हणजे पस्तीस मीटर. जाऊन येऊन सत्तर. परत स्टेजपाशी आलो आणि खात्री करायला अजून दोन टाळ्या वाजवल्या.

वर ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला. काका गॅलरीत आले, खणखणीत आवाजात ओरडले, "कोण आहे रे तिकडे?"

"...कडे?" बी विंग म्हणाली.

दोनशे मिलीसेकंद, एकच आवृत्ती, लेव्हल एकदम कमी. धार थोडी गेलेली.

"मीच आहे काका," मी म्हणालो. "अजून एकदा ओरडता का?"