बैलाच्या तीन पाठी

चित्रकाराला चित्र दाखवा म्हटलं की तो खुलतो. स्केचबुक मागितली की कचरतो. आमचे नाना जळगावात ड्रॉइंगचे सर होते. त्यांनी जलरंगात रंगवलेली केळीची बाग हॉलमध्ये लावलेली आहे, येणारा-जाणारा वाखाणतो. मला मात्र ती जरा जास्तच आवरलेली वाटते. एवढी सरळ केळी आमच्याकडे कुठल्या वावरात उभी असते?

स्केचबुकात तीच बाग बघा. एका पानावर केळीचं एकच पान पुन्हा पुन्हा काढलंय. आधी अखंड, अगदी क्रमिक पुस्तकातलं. मग वाऱ्याने चिरफाळलेलं. शेवटी तर पान जवळजवळ नाहीच, नुसता मधला दांडा आणि एका बाजूला ओढलेल्या रेघा. पण वारा कुठून येतोय ते कळतं. कडेला बारीक अक्षरात ‘सावली हिरवी नाही, निळी’, आणि त्याच्याच खाली तूरडाळ, साबण, काडेपेटी. (काकूंची यादी असणार, नाना स्वतःहून साबण आणणारे नव्हेत.)

स्केचबुकात खोडरबर चालवायचं नाही, हा नानांचा दंडक. चुकली रेघ तर असू द्यायची, दुसरी शेजारून काढायची. त्यामुळे त्यांच्या एका बैलाला तीन पाठी आहेत. तिसरी बरोबर आहे, पण पहिल्या दोन्हींशिवाय ती सापडली नसती, हे बघताक्षणी कळतं.

मोठ्यांचंही निराळं नसतं. पिकासोने १९३७ मध्ये ‘गेर्निका’ या आपल्या प्रचंड युद्धविरोधी चित्राला हात घातला तेव्हा पहिल्याच दिवसाच्या कच्च्या रेखाटनांत बैल, घोडा, दिवा धरलेली बाई हजर होती. पुढे कॅनव्हासवर आभाळाकडे उगारलेली एक मूठ आली, मोठी झाली आणि शेवटी गेलीसुद्धा. त्याची सोबतीण, छायाचित्रकार डोरा मार हिने काम चालू असताना फोटो काढले नसते तर त्या मुठीचा पत्ताही लागला नसता. इतकी जोरदार मूठ पुसून टाकायला केवढी छाती लागत असेल!

आम्हा खानदेशवाल्यांना अशी वही दगडातच मिळालीय. अजिंठ्याला सगळे पद्मपाणीचं भित्तिचित्र बघायला पहिल्या लेण्यात घुसतात. नाना सहलीची पोरं चोवीस नंबरला न्यायचे. ते लेणं अर्धवट सुटलेलं: आतले खांब नुसते ठोकळे, दगडावर छिन्नीचे घाव तसेच. डोंगर वरून खाली कसा पोखरत आणला, ते तिथेच समजतं. पोरं विचारायची, “सर, डबे कधी सोडायचे?” नाना म्हणायचे, “आधी तो ठोकळा काढा.”