जोसेफिन कॉक्रन यांचे तारेचे कप्पे

आमच्या स्वयंपाकघरात डिशवॉशर आला, तेव्हा मी आधी त्यातले तारेचे कप्पे निरखले. ताटली उभी राहावी आणि कप पालथा बसावा अशा बेताने तारा वळवण्याची ही युक्ती अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल येथे राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन यांनी वापरली होती, हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी विलक्षण आदर वाटतो.

चिनी मातीच्या उंची भांड्यांचे नोकरांच्या हातून टवके उडत, म्हणून एका श्रीमंत बाईंनी भांडी धुण्याचे यंत्र काढले, एवढीच त्यांची गोष्ट बहुधा सांगितली जाते. ती मला फार अपुरी वाटते. १८८३ मध्ये त्यांचे पती वारले, मागे कर्ज उरले, आणि मनात घोळणाऱ्या कल्पनेवर आता चरितार्थ चालवणे भाग पडले. त्यांनी ताटल्या, कप, बश्या यांची मापे घेऊन तारेचे कप्पे बनवले, ते तांब्याच्या बॉयलरमधील आडव्या चाकावर बसवले, आणि चाक फिरत असताना साबणाचे गरम पाणी जोराने भांड्यांवर उडेल अशी व्यवस्था केली. भांडी ब्रशने न घासता पाण्याच्या जोराने स्वच्छ करायची, हे या रचनेचे मर्म होते. जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या मदतीने यंत्र उभे राहिले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले.

पण मला त्यांचे खरे धाडस विक्रीत दिसते. पती किंवा वडील सोबत नसताना कुठेही न गेलेल्या कॉक्रन शिकागोच्या शर्मन हाउस हॉटेलात ऑर्डर मागायला एकट्या गेल्या, आणि तिथली प्रशस्त लॉबी एकटीने ओलांडणे हे आयुष्यातील सर्वांत कठीण कामांपैकी एक होते, असे त्यांनी पुढे सांगितले. ऑर्डर मात्र घेऊनच त्या परतल्या. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात यंत्राला पारितोषिकही लाभले.

गिऱ्हाईक मुख्यतः हॉटेलांसारख्या मोठ्या संस्थाच राहिल्या, कारण यंत्र मोठे व महाग होते आणि त्याला लागेल इतके गरम पाणी सामान्य घरात मिळत नसे. १९१३ मध्ये त्या वारल्या. घरोघरी डिशवॉशर पोहोचायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

आमच्या घरातल्या कप्प्यांत आजही ताटल्या आणि कपच नेमके बसतात. कढई आणि पोळ्यांची परात मी नळाखाली हातानेच घासते.