जिलेटिनच्या फँटममध्ये सुई शोधावी लागली पाहिजे

सोनोग्राफीखाली शिरेत सुई घालायच्या सरावासाठी घरी केलेल्या फँटमची, म्हणजे शरीराच्या नकली तुकड्याची, खोट एकच: तो फार स्वच्छ असतो. नुसतं जिलेटिन स्क्रीनवर काळंभोर दिसतं, त्यात सुई लख्ख चमकते आणि शिकणाऱ्याला वाटतं, जमलं! स्नायू आणि चरबी करडी दिसते, तिच्यातून टोक हुडकावं लागतं. हा करडेपणा इसबगोलाच्या भुशीने आणता येतो.

१ लिटर थंड पाण्यावर १०० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन भुरभुरा, १० मिनिटं फुगू द्या. मग मंद आचेवर साधारण ६० अंशांपर्यंत तापवून विरघळवा. उकळू नका, जेल कमजोर होतं. १० ग्रॅम इसबगोल चिमटीचिमटीने घाला. एकदम ओतलं की गुठळ्या होतात. ढवळा, पण घुसळू नका. आत अडकलेला बुडबुडा पांढरा ठिपका होऊन दिसतो आणि खालचं चित्र बिघडवतो. वरचा फेस काढून टाका. गडद खाद्यरंगही हवाच, नाहीतर मंडळी स्क्रीन सोडून डब्यातच बघतात.

१५ बाय १० सेंटिमीटरच्या डब्यात दोनतृतीयांश मिश्रण ओतून फ्रिजमध्ये घट्ट करा. उरलेलं कोमट पाण्यात ठेवा, तेही गोठायला नको. शिरेसाठी लांबट फुगा रंगीत पाण्याने भरा. हवेचा कण राहिला तरी त्याची सावली पडते, म्हणून गाठ पाण्याखालीच मारा. फुगा घट्ट थरावर ठेवून वर बाकीचं मिश्रण ओता. इथेच बहुतेकांचं बिनसतं. मिश्रण गरम असेल तर खालचा थर वितळून फुगा रुततो. फार गार असेल तर थर चिकटत नाहीत, मधे हवा राहते आणि स्क्रीनवर आडवी पांढरी रेघ येते. बोटाला जेमतेम कोमट लागेल इतपत हवं.

फुगा टोचला की गळतो, ही त्याची मर्यादा. त्याऐवजी पातळ लेटेक्सची नळी डब्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढून सिरिंजला जोडली, तर पुन्हा भरता येते. सलाइनची नळी मात्र नको: भिंत जाड आणि टणक, सुई तिच्यावरून घसरते.

टोचून टोचून सुईच्या वाटांमध्ये हवा भरते आणि पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. तसं झालं की फुगा काढून जिलेटिन वितळवा, पुन्हा ओता. प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. बुरशी दिसली की फेकाच. प्रोबवर, म्हणजे सोनोग्राफीच्या टेकवायच्या भागावर, कव्हर चढवा, आणि सरावाच्या सुया वेगळ्या ठेवा, त्या रुग्णाच्या ट्रेमध्ये जाता कामा नयेत.